कावळ्याची वाट बघणाऱ्यांचा सिनेमा : फिल्म सोसायट्यांच्या कार्यक्रम-समित्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

एका जिल्ह्याच्या गावातल्या फिल्म सोसायटीची मी अठरा वर्षं सभासद आहे. वर्गणी वेळेवर भरते, बाहेरगावचा पाहुणा आला की त्याच्या जेवणाखाण्याचं बघते, आणि चर्चेत ‘फ्रेम’ हा शब्द किती वेळा आला ते मागच्या रांगेत बसून मोजते. गेल्या पावसाळ्यात आमच्या समितीनं ‘शोक’ या विषयावर चार शनिवारांची मालिका ठरवली आणि सभासदांकडून नावं मागवली. मी चिठ्ठीवर ‘तलाश’ लिहिलं. चिठ्ठ्या वाचणारे गृहस्थ थांबले, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, “हा आमीर खानचा ना? शेवटी भूत निघतं तो?” सगळे हसले. सवयीनं मीही हसले. घरी येऊन मात्र झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

पत्र त्या एका समितीपुरतं नाही. हेच वाक्य मी इतर गावांतल्या, चांगल्या जाणत्या मंडळींकडूनही ऐकलं आहे. बारा-तेरा वर्षांत या सिनेमाचं एवढंच उरलंय, की शेवटी भूत निघतं. तेव्हा शेवट लपवत मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबून आधी सिनेमा पाहावा. पत्र कुठं पळून जात नाही.

‘तलाश’ ३० नोव्हेंबर २०१२ ला आला. दिग्दर्शन रीमा कागतींचं, लेखन त्यांचं आणि झोया अख्तर यांचं, कॅमेरा के. यू. मोहनन यांचा. पहाटेच्या वेळी, मोकळ्या रस्त्यावर, समुद्राच्या कडेनं जाणारी एक गाडी अचानक वळते आणि थेट पाण्यात जाते. आत एक फिल्मस्टार, एकटा. इन्स्पेक्टर सुरजनसिंग शेखावतकडे तपास येतो. या सुरजनचा आठ वर्षांचा मुलगा, करण, काही काळापूर्वी सहलीत पाण्यात बुडून गेलेला आहे. तो आणि त्याची बायको रोशनी नव्या घरात राहायला आलेत, खोकी अजून पुरती उघडलेली नाहीत. रोशनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. हा जात नाही. याला झोप येत नाही, म्हणून रात्री गाडी काढून मुंबईभर फिरतो, आणि अशाच एका रात्री त्याला रोझी भेटते, धंदा करणारी मुलगी. ती त्याला तपासाचे धागे पुरवत जाते. शेवटी कळतं की ही रोझी, खरं नाव सिमरन, तीन वर्षांपूर्वीच मेलेली आहे, आणि त्या फिल्मस्टारचा तिच्या मरणाशी संबंध आहे.

झालं, सांगितला शेवट. आता बोलूया.

तुमची पहिली तक्रार अशी की दोन तास पोलिसी तपास दाखवायचा आणि मग भूत आणून सुटका करून घ्यायची, ही फसवणूक आहे. मला वाटतं, तपास कशाचा चाललाय इकडेच आपलं लक्ष नसतं. सुरजन हुशार अधिकारी आहे आणि ‘अपघात’ हा शब्द त्याला मान्य नाही. गाडी वळली तर का वळली, कुणामुळं वळली, पैसे कुठे गेले, फोन कुणाचा होता. जगातल्या प्रत्येक बुडण्याला कारण असलंच पाहिजे अशा हट्टानं तो वागतो. कारण एका बुडण्याला कारण नसणं त्याला परवडणारं नाही. करणचा मृत्यू नुसता अपघात असेल तर करण्यासारखं काहीच उरत नाही, रडण्याशिवाय. आणि कारण असेल तर ते आपण स्वतःच आहोत, असं त्यानं आतल्या आत ठरवूनही टाकलंय. तो दिवस त्याच्या डोक्यात पुन्हा पुन्हा चालू होतो, आणि तो त्याचे तपशील बदलून बघतो. मी उठलो असतो तर. मी हाक मारली असती तर. फिल्मस्टारची केस ही त्याला मिळालेली पळवाट आहे, तीही सरकारी शिक्क्याची. एरवी थ्रिलरमध्ये तपास हे नायकाचं काम असतं. इथं तो नायकाचा आजार आहे. इतक्या सरळ मांडणीचा हिंदी सिनेमा मला दुसरा आठवत नाही.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. १९८९ च्या एप्रिलमध्ये माझा मोठा भाऊ कालव्यात बुडून गेला. एकोणीस वर्षांचा होता. उन्हाळी आवर्तन सुटलेलं होतं, कालवा काठोकाठ भरून वाहत होता. तिसऱ्या दिवशी खालच्या दारापाशी सापडला. आमचे आप्पा पोलीस हवालदार होते. अकस्मात मृत्यूचे पंचनामे त्यांनी नोकरीत कितीतरी लिहिले असतील. आपल्या घरातला पंचनामा त्यांना लिहावा लागला नाही, साहेबांनी दुसऱ्या ठाण्याचा माणूस बोलावला. पण महिनाभरानं त्यांनी एक वही केली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. दर रविवारी सायकलवरून कालव्यावर जायचे. त्या दिवशी दार किती वाजता उचललं, किती फूट उचललं, पाणी पुलाखाली किती वाजता पोचलं, पाटकऱ्यानं काय पाहिलं, पलीकडच्या मळ्यातल्या बाईनं काय पाहिलं, सगळं तारीख-वार लिहायचे. बाईचा जबाब तीनदा घेतला. दोन वर्षं हे चाललं. आई म्हणायची, “त्यांचं काम चाललंय, बोलू नका.” आम्हाला अभिमानच वाटायचा, की बघा, आप्पा छडा लावणार.

छडा कसला लावायचा, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. आणखी एक गोष्ट विचारली नाही. त्याच महिन्यात त्यांनी राजदूत मोटारसायकल विकली. पैशांची नड असेल, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे ‘नाकार ही शोकाची पहिली पायरी’ हे वाक्य आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. त्यांनी त्या पायऱ्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. ते असो. आपल्याला नाकार म्हटलं की ताट वाढून मेलेल्या मुलाची वाट बघणारी आई आठवते. हातात फाइल, कपड्यांना इस्त्री, कामाला वेळेवर हजर, हा नाकार ओळखू येत नाही. आमीर खाननं तो ओळखू येईल असा केलाय. सबंध सिनेमाभर त्यानं जबडा आवळून ठेवलाय. या कामाबद्दल त्याला ‘लाकडी’ म्हटलं गेलं. लाकडीच आहे. आमच्या घरात एक लाकडी माणूस मी वर्षानुवर्षं बघितला, त्यामुळं माझी तक्रार नाही.

आता भुताबद्दल.

भावाच्या दहाव्याला मुलींनी घाटावर यायचं नाही असा नियम होता. मी पुलावरून बघत होते. पिंड मांडले, सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळा येईना. झाडावर चार बसलेले, एकही उतरेना. मग आपल्याकडे सुरू होतं ते सुरू झालं. काका पुढे झाले, “तुझ्या आईला सांभाळू.” मामा म्हणाले, “ताईचं शिक्षण पुरं करू, लग्न लावून देऊ.” मित्र म्हणाला, “तुझी पुस्तकं मी परत करीन कॉलेजात.” कावळा जागचा हलला नाही. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. त्या गर्दीत शब्द द्यायचे एकटे तेच राहिले होते. ते म्हणाले, “उरका,” आणि पाठ फिरवून चालू लागले. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, विधी पुरा झाला.

तुमच्यापैकी किती जणांचा काकस्पर्शावर विश्वास आहे? माझा नाही. पण तुमच्यापैकी किती जण घाटावर उभे असताना झाडाकडे बघत नाहीत? कावळा शिवतो की नाही हा प्रश्न पक्ष्याच्या भुकेचा आहे, मान्य. पण तो येत नाही तोवर जिवंत माणसांना मोठ्यानं बोलावं लागतं, एरवी जे आयुष्यात बोलले नसते ते. ही सोय आपल्या लोकांनी फार विचार करून केलेली असावी, किंवा काहीही विचार न करता. ‘तलाश’मधली रोझी मला त्या कावळ्यासारखी वाटते. ती आहे की नाही या वादात मला रस नाही. ती असल्यामुळे सुरजनला काय करावं लागतं, ते बघा.

त्याला एका परक्या मुलीचे अवशेष उकरून काढून तिचे अंत्यसंस्कार करावे लागतात. स्टार मेला तर अख्खं पोलीस खातं, सगळे कॅमेरे, सगळी वर्तमानपत्रं हलली. सिमरन तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हा पंचनामा नाही, सुतक नाही, तिची वाट बघणारंही कुणी नाही. जिच्यासाठी कुणी रडलं नाही अशा लेकीचा बाप सुरजन होतो, आणि मगच त्याला आपल्या लेकाचा बाप होता येतं. शेवटच्या दृश्यात तो करणचं पत्र वाचतो, म्हणजे मेलेल्यांशी आपलं बोलणं होतं असं सांगणाऱ्या शेजारच्या फ्रेनीबाईंनी करणच्या वतीनं लिहिलेलं, जे त्यानं आधी संतापानं नाकारलेलं असतं. तो आवळलेला जबडा तिथं सुटतो. रहस्याची उकल म्हणून हा शेवट पाहिला तर निराशा होणारच. दहावा म्हणून पाहा. पोस्टरवर नावाखालीच लिहिलेलं होतं, उत्तर आत आहे म्हणून.

मी हा सिनेमा आप्पांबरोबरच पाहिला. डिसेंबर २०१२, थिएटरात, ते तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे. त्यांना पोलिसांचे सिनेमे बघायला आवडायचे, चुका काढायला. मध्यंतरापर्यंत काढल्याही, टोपी चुकली, सॅल्यूट चुकला. नंतर गप्प झाले. सिनेमा संपला, लोक उठले, हे उठेनात. झाडूवाला आमच्या रांगेपर्यंत आला. पडद्यावर नावं चाललेली, ती सगळी संपेपर्यंत ते बसून राहिले. बाहेर येऊन रिक्षा शोधत होतो, आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात करता करता म्हणाले, “मोटारसायकल धुऊन आण म्हणून मीच पाठवला होता त्याला कालव्यावर.”

रिक्षा थांबली नाही. आम्ही दुसरीची वाट बघत उभे राहिलो.

तेवीस वर्षं आणि दोनशे पानं. त्या वहीत मोटारसायकलचा उल्लेख कुठंही नाही. मी नंतर पाहिली.

यानंतर मी तुम्हाला कॅमेऱ्याबद्दल काय सांगू? पण तुम्हाला तेच लागतं, म्हणून सांगते. सुरुवातीची नावं पडतात ती रात्रीच्या मुंबईवर, पिवळे-लाल दिवे, फुटपाथ, दारात उभ्या बायका, वर सुमन श्रीधर यांच्या आवाजातलं जॅझच्या वळणाचं ‘मुस्कानें झूठी हैं’. हसू खोटं आहे, हे पहिल्याच मिनिटाला गाऊन सांगितलंय. गाणं रस्त्यावरच्या बायकांबद्दल आहे असं आपल्याला वाटतं, आणि पुढे घरात बसलेल्या नवरा-बायकोलाही ते तसंच लागू पडतं. मोहनन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, म्हणजे तुमच्या भाषेत ‘आपले’. सिनेमाभर पाणी आहे. समुद्रात पडलेली गाडी, मुलाला गिळलेलं पाणी, रोझी सुरजनला घेऊन जाते तो काठ, आणि शेवटी सुरजन स्वतः पाण्याखाली. ज्याला बुडण्याचं कारण हवं होतं त्याला लेखिकांनी बुडवूनच दाखवलं, आणि वर काढायला पाठवलं कुणाला, तर त्या मेलेल्या मुलीला. आणि दुसऱ्यांदा पाहताना एवढंच करा, रोझी पडद्यावर असताना तिच्याशी बोलतं कोण, ते मोजा.

आपल्या सोसायट्यांत निकोलस रोएग यांचा १९७३ चा ‘डोन्ट लुक नाऊ’ दर चार-पाच वर्षांनी दाखवतात. दाखवायलाच हवा, मोठा सिनेमा आहे. इंग्लंडमधल्या एका घराजवळच्या तळ्यात लाल कोट घातलेली मुलगी बुडते. आई-बाप व्हेनिसला जातात, बाप तिथं जुन्या चर्चच्या दुरुस्तीचं काम करतोय. दोन बहिणी भेटतात, त्यातली एक आंधळी, तिला मेलेली मुलगी ‘दिसते’. आई विश्वास ठेवते, बाप ठेवत नाही. बुडालेलं मूल, कामात बुडालेला बाप, परलोकाशी बोलणारी बाई, तिला मानणारी आई. ओळखीचं वाटतं ना? तिथं भुताटकीबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट चर्चा रात्री साडेदहापर्यंत चालते. रोएग यांच्या सिनेमात न मानणारा बाप शेवटी जिवाला मुकतो. कागतींनी त्याला पाण्यातून परत आणलं आणि बायकोच्या कुशीत रडवलं. यातलं कुठलं अवघड आहे, यावर एकदा चर्चा होऊ द्या की.

बरं, त्याच २०१२ च्या मार्चमध्ये ‘कहानी’ आला होता. तोही शोकाचाच थ्रिलर, तोही शेवटाला सगळं उलटं करणारा. त्याच्या शेवटाला टाळ्या पडल्या, कारण तिथली उकल बुद्धीला पटते. नवाजुद्दीन दोन्हींत आहे. ‘तलाश’मधला त्याचा लंगडा तैमूर वस्तीत वाढलेला, सगळ्यांचे टोले खाणारा, एकदाच आयुष्यात मोठा डाव टाकायला जाणारा. ते काम बघायला म्हणून तरी सिनेमा लावा.

आणखी एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. समितीतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आपल्या राज्यात आपण हे दाखवायचं? दाभोलकरांच्या राज्यात?” ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, हे मला माहीत आहे. आमच्या गावातल्या निषेधाच्या मोर्चात मी होते. मुलगा गेल्यावर आईला कुणीकुणी कुठल्या कुठल्या देवऋषाकडे नेलं आणि तिच्या पाटल्या कशा गेल्या, तेही मला माहीत आहे. म्हणूनच फ्रेनीबाईंचा भाग मी दोनदा नीट पाहिला. शेरनाझ पटेल यांनी ती बाई अशी केलीय की शेजारी राहणारी, स्वतःही काही गमावलेली पारशी मावशी वाटावी. रोशनी तिच्याकडे जाते कारण नवरा बोलत नाही. घरात त्या मुलाचं नाव घेता येईल अशी एकच खुर्ची उरलीय, ती शेजारी आहे. सुरजन चिडतो तो विवेकवादामुळे चिडतो असं दिसतं, मला तसं वाटत नाही. बायकोला जरा बरं वाटायला लागलंय, याचाच त्याला राग आहे. आपल्या आधी ती सावरली म्हणजे तिनं मुलाला सोडलं, असं त्याचं गणित. विवेकाचा आधार नाकारासाठी कसा घेता येतो, हे दाखवणारा सिनेमा विवेकवाद्यांनी तर आधी बघावा. आप्पांनी घाटावर “उरका” म्हटलं तेव्हा लोक म्हणाले, हवालदार पुरोगामी आहे.

दोषही आहेत, नाही कशाला म्हणू. तैमूरचा पदर मधे मधे इतका लांबतो की मुख्य दुःख थंड होतं. शेवटची गाडीची धावपळ घाईत उरकलीय. रोझीच्या तोंडची काही वाक्यं जरा जास्तच तयार होऊन येतात. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे रोशनी झालेल्या राणी मुखर्जीला लेखिकांनी अजून दोन प्रसंग द्यायला हवे होते. घरात एकटी वावरत असताना ती जे करते, नुसतं एखाद्या वस्तूकडे बघून नजर काढून घेते, त्यात अख्खा सिनेमा होता. पण तो या सिनेमात पुरता आलेला नाही. माझी आईही त्या लाल वहीच्या गोष्टीत पुरती येत नाही, हे मला हे पत्र लिहिताना कळतंय.

तेव्हा विनंती अशी. यंदाच्या कार्यक्रमात ‘तलाश’ला एक संध्याकाळ द्या. ‘लोकप्रिय सिनेमाचा पुनर्विचार’ वगैरे मथळा नको, शोकाच्या मालिकेतच ठेवा, रोएगच्या शेजारी. निवेदन करणाऱ्यानं भुताचा विनोद करू नये. तो आमच्याकडे करून झालाय. चहा मध्यंतरात द्या, शेवटी नको. चर्चा लगेच सुरू करू नका, कुणी मागच्या रांगेत बसून असेल तर त्याला बसू द्या. आणि पडद्यावरची नावं पूर्ण संपेपर्यंत कृपा करून दिवे लावू नका.

आपली,
एक वर्गणीदार सभासद